छळ सोसलेल्या मुलाने हिंसा केली तर खटला मोठ्यांसारखा चालवायचा का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवलंय आणि त्यातली काही वर्षं शाळेतलं समुपदेशनाचं कामही बघितलंय. कुठल्यातरी अल्पवयीन मुलाने चाकू नाहीतर बंदूक चालवल्याची बातमी येते, बातमीत कुठेतरी "त्याला वर्गातली मुलं त्रास द्यायची म्हणे" असं एक वाक्य असतं, आणि मग माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, पालकांचे, जुन्या विद्यार्थ्यांचे, कधी ओळखीच्या वकिलांचेही. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय.

आधी तुमचं मत सांगा. मोठ्यांसारखा खटला हवा की नको?

नको. खटला हवा, चौकशी हवी, शिक्षाही हवी आणि गुन्हा मोठा असेल तर ती नावापुरती नको, पण हे सगळं मुलांसाठी असलेल्या न्यायव्यवस्थेत व्हायला हवं. छळ हा त्या गुन्ह्यातला पुरावा आहे, तो काही माफीनामा नाही, असं मी मानते. आणि हा पुरावा नीट उलगडून बघायला मोठ्यांच्या कोर्टात कोणाला वेळ नसतो. तिथे मुख्य प्रश्न असतात कोणी केलं, काय केलं, हेतू होता का. त्याआधी दोन वर्षं काय चालू होतं, कोणाकोणाला माहीत होतं, कोण गप्प बसलं हे आलंच तर अगदी शेवटी येतं, शिक्षा ठरवताना, वकिलाने मांडलेल्या चार ओळींत.

'मोठ्यांसारखा खटला' म्हणजे नक्की काय बदलतं? शेवटी गुन्हा तर तोच ना?

गुन्हा तोच, पण विचारायचा प्रश्न बदलतो. मुलांच्या न्यायालयात "या मुलाचं काय झालं आणि याचं पुढे काय करायचं" हे विचारलं जातं, मोठ्यांच्या कोर्टात "या कृत्याला किती वर्षं" हे. त्यावरून बाकी सगळं ठरतं, म्हणजे सुनावणी बंद दाराआड की सगळ्यांसमोर, नाव छापायचं की नाही, ठेवायचं कुठे, शिक्षण चालू राहणार का, आणि बाहेर आल्यावर रेकॉर्ड आयुष्यभर मागे लागणार का.

मुलांसाठी वेगळं कोर्ट ही कल्पना तशी फार जुनी नाही, जगातलं पहिलं असं न्यायालय १८९९ साली शिकागोत सुरू झालं. त्याआधी दहाबारा वर्षांची पोरंही मोठ्या गुन्हेगारांसोबत एकाच तुरुंगात असायची.

एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. इंग्लंडमध्ये १९९३ साली एका लहानग्याच्या खुनासाठी ११ वर्षांच्या दोन मुलांवर मोठ्यांच्या कोर्टात जाहीर खटला चालला. (त्या केसचा बुलिंगशी, म्हणजे शाळेतल्या छळाशी, संबंध नव्हता, मी फक्त कोर्टाबद्दल सांगतेय.) मुलांची उंची कमी, त्यांना समोरचं दिसावं म्हणून आरोपीचा पिंजरा मुद्दाम उंच केला होता. उद्देश चांगलाच होता, पण झालं काय तर दोघं अख्ख्या कोर्टाच्या, पत्रकारांच्या नजरेत आले आणि आणखीच घाबरले. १९९९ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं की या मुलांना खटल्यात नीट भाग घेताच आला नाही, त्यामुळे तो खटला न्याय्य नव्हता. म्हणजे बघा, फळी वर करून मूल मोठं होत नाही.

बुलिंग म्हणजे नक्की काय? थोडीफार चेष्टामस्करी तर सगळीकडेच चालते.

चालते, आणि सगळ्या चेष्टेला बुलिंग म्हणू पण नये. या विषयावर आयुष्य घालवलेले नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी तीन खुणा सांगितल्या, त्या आजही वापरतात: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. ताकद म्हणजे अंगातलीच असं नाही, संख्या असते, लोकप्रियता असते, कोणाकडे कोणाचा फोटो आहे ही पण ताकदच.

हा तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. दोन मुलांची मारामारी झाली की शाळा दोघांना उभं करते, दोघांना सॉरी म्हणायला लावते आणि फाइल बंद. पण एकाच्या मागे सहाजण आणि दुसऱ्याच्या मागे कोणीच नाही असं असेल तर ते भांडण नव्हतंच मुळी, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच सॉरी म्हणायला लावलं तर तो मोठ्यांकडे परत कशाला येईल?

आणि आता ते शाळा सुटल्यावर सुटत नाही. ग्रुप रात्री पण चालू असतो.

मग छळ झालेली मुलं पुढे हिंसक होतात का?

नाही, आणि हे जरा ठासून सांगते कारण याचा उलटा अर्थ काढून लोक आधीच कोपऱ्यात असलेल्या मुलाकडे संशयाने बघायला लागतात. छळ सोसलेली बहुतेक मुलं कधीच कोणाला इजा करत नाहीत. ती गप्प होतात, शाळा टाळतात, पोट दुखतं म्हणतात, मार्क घसरतात आणि काही मुलं स्वतःच्याच जिवावर उठतात. नॉर्वेत बुलिंगविरोधात देशपातळीवर मोहीम सुरू झाली ती १९८३ साली, आणि ती काही छळ सोसलेल्या कोणी हल्ला केला म्हणून नव्हती, तर आदल्या वर्षी तीन मुलांनी आत्महत्या केल्या म्हणून.

दुसरी बाजू पण खरी आहे. अमेरिकेत सिक्रेट सर्व्हिस आणि तिथल्या शिक्षण विभागाने १९७४ ते २००० या काळातले शाळांवरचे ३७ हल्ले अभ्यासले, हल्लेखोर ४१. २००२ च्या त्या अहवालात जवळपास ७१ टक्के हल्लेखोरांना आधी छळ, धमक्या किंवा मारहाण सोसावी लागली होती. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा, ८१ टक्के घटनांमध्ये हल्ला होणार हे निदान एका तरी माणसाला आधी माहीत होतं, बहुतेक वेळा मित्राला, वर्गातल्या कोणालातरी, नाहीतर भावाबहिणीला. आणि ७८ टक्क्यांच्या बाबतीत आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न आधी होऊन गेलेले.

हे आकडे उलटे वाचू नका. हल्लेखोरांपैकी बहुतेकांचा छळ झाला होता याचा अर्थ छळ झालेल्यांपैकी बहुतेक हल्लेखोर होतात असा होत नाही. आणि छळाची गोष्ट दर वेळी पूर्ण खरीही नसते, १९९९ च्या अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेवरच्या हल्ल्यानंतर "छळाचा बदला" ही कथा काही दिवसांत जगभर पसरली पण पुढे तपासात चित्र तेवढं सरळ निघालं नाही. म्हणूनच तर मी म्हणते की शांतपणे, मुळापासून तपासणारं कोर्ट हवं.

पण त्याने हत्यार आणलं होतं, ठरवून केलं. हा काय मुलांचा खेळ आहे?

या प्रश्नाला मी लांब उत्तर देणार आहे, आणि त्यासाठी मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल.

नववीतला एक मुलगा. मधली सुट्टी संपून वर्ग भरला, सगळ्यांनी वह्या काढल्या, याचा उजवा हात पॅन्टच्या खिशातच. मी दोनदा सांगितलं हात बाहेर काढ, काढेना. जवळ गेले तर खिशाच्या कापडावर रक्ताचा छोटा डाग. त्याने खिशात कर्कटक धरलं होतं, इतकं घट्ट की टोक त्याच्याच तळव्यात घुसलं होतं. मी त्याला बाहेर नेलं, जिन्यात बसवलं, बराच वेळ तो काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, "मॅडम आज ते परत आले असते तर मी घातलंच असतं."

कर्कटक तो आठवडाभर रोज खिशात घालून आणत होता.

आता हेच बाहेरून बघा. आठवडाभर हत्यार बाळगलं, कोणावर वापरायचं ते ठरलेलं, कधी ते पण ठरलेलं. कायद्याच्या भाषेत याला पूर्वनियोजन म्हणतील आणि त्या दिवशी त्याने खरंच कोणाच्या गळ्यात ते खुपसलं असतं तर पेपरात पण हेच आलं असतं, "थंड डोक्याने". जिन्यात माझ्या शेजारी बसलेल्या मुलाचं डोकं थंड नव्हतं हो, तो थरथरत होता. त्याने आणलेली वस्तू त्याच्या दृष्टीने सोबत होती, कारण दुसरं कोणी सोबत नव्हतं.

आणि कोणी नव्हतं त्यात मी पण आले. तीन आठवडे आधी तो मला सांगायला आला होता की त्याची बॅग रोज बाथरूममध्ये भिजलेली सापडते. मी वह्या तपासत होते, मान वर करून म्हणाले, "लक्ष देऊ नकोस, कंटाळून थांबतील आपोआप." हे मी आजही विसरू शकत नाही.

याचा अर्थ प्रत्येक ठरवून केलेली गोष्ट भीतीपोटीच असते असं मी म्हणत नाहीये. काही मुलं सूड म्हणूनच करतात, महिनोन्महिने तयारी करतात, ज्यांनी कधी त्रास दिला नाही त्यांनाही मारतात. पण भीती कुठली आणि सूड कुठला हे कळायला आधीचे सगळे महिने बघावे लागतात, शेवटची दहा मिनिटं बघून कळत नाही.

१६-१७ वर्षांच्या मुलाला बरंवाईट कळत नाही का? आजकालच्या मुलांना तर सगळंच कळतं.

कळतं. खून करू नये हे सात वर्षांच्या मुलालाही कळतं. मुद्दा कळण्याचा नाहीच आहे, मुद्दा आहे त्या क्षणी स्वतःला थांबवता येण्याचा.

मेंदूचा जो पुढचा भाग आवेग रोखतो, पुढचा विचार करतो, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशीपर्यंत वेळ लागतो. निवांत बसून विचार करायला दिला तर १६ वर्षांचा मुलगा जवळपास मोठ्यांसारखाच विचार करतो असं संशोधनात दिसतं, पण राग, भीती, आजूबाजूला बघणारी मुलं हे आलं की तोच मुलगा वेगळाच वागतो. आणि बुलिंगमध्ये नेमकं हेच तिन्ही एकत्र असतं ना, राग, भीती आणि प्रेक्षक.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रोपर विरुद्ध सिमन्स या केसमध्ये अल्पवयीन असताना केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी रद्द केली तेव्हा कारणं साधारण हीच दिली होती: अपरिपक्वता, बाहेरच्या दबावाला लवकर बळी पडणं आणि स्वभाव अजून घडत असणं. त्यात मला एक गोष्ट जोडावीशी वाटते, मोठा माणूस त्रासाच्या जागेतून निघून जाऊ शकतो, नोकरी सोडतो, घर बदलतो, पोलिसांत जातो. चौदा वर्षांच्या मुलाला उद्या सकाळी परत त्याच वर्गात, त्याच बाकावर जाऊन बसावं लागतं, आणि नाही गेला तर घरी ओरडा बसतो.

ज्याचा जीव गेला त्याच्या आईवडिलांना हे सांगाल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जड जातो आणि जायलाच हवा.

त्यांना मी मेंदूबद्दल काही सांगणार नाही. त्यांचं मूल गेलंय, आणि मारणारा १६ चा होता की २६ चा याने त्यांच्या घरातली रिकामी खोली बदलत नाही. त्यातही पुष्कळदा मेलेला मुलगा छळ करणारा नसतोच, मध्ये पडलेला असतो किंवा नुसता तिथे उभा असतो. आणि समजा तो छळ करणारा होता, तरी मरण ही त्याची शिक्षा नव्हती, तो पण मूलच होता, त्याला पण सुधारायला वेळ मिळायला हवा होता. जे लोक म्हणतात "बरं झालं, त्याला धडा मिळाला" त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही.

या पालकांना न्यायव्यवस्थेने जे द्यायला हवं ते सहसा कोणीच देत नाही: खरं काय घडलं ते पूर्ण सांगणं, त्यांचं म्हणणं कोर्टात ऐकून घेणं, दर तारखेला काय झालं ते कळवणं, शाळेने काय लपवलं ते बाहेर काढणं. मुलांच्या न्यायव्यवस्थेतली गुप्तता अनेकदा पीडित कुटुंबालाच बाहेर ठेवते. ही मोठी खोट आहे आणि ती दुरुस्त करायला हवी.

भारतात कायदा काय म्हणतो? इथे पण मोठ्यांसारखा खटला चालतो ना?

काही बाबतीत चालतो. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन होता, त्याला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षंच ठेवता आलं, त्यावरून देशभर संताप झाला आणि बाल न्याय कायदा २०१५ आला, जो जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

त्यानुसार वय १६ ते १८ आणि गुन्हा 'घृणास्पद' या वर्गातला, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तर बाल न्याय मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं आणि मग मुलाला बाल न्यायालयाकडे पाठवता येतं, आणि तिथे त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. किमान हा शब्द महत्त्वाचा आहे. खून या वर्गात येतो, पण खुनाचा प्रयत्न येत नाही, कारण त्याला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. १६ च्या खालच्या मुलाला गुन्हा कोणताही असो, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप कोणत्याही मुलाला देता येत नाही. वय मोजतात ते गुन्हा घडला त्या दिवशीचं, पकडलं त्या दिवशीचं नाही.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. त्या प्राथमिक मूल्यांकनात गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत हे तर बघायचंच असतं, पण अजून एक गोष्ट कायद्यात स्पष्ट लिहिली आहे: गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. छळाला कायद्यात जागा आहे ती इथे. पण अहवाल लिहिणाऱ्याने मुलाला अर्धा तास भेटून "परिणामांची जाणीव आहे" एवढं लिहून दिलं तर ही जागा रिकामीच राहते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे. ज्यांच्या घरात अशी वेळ आली आहे त्यांनी वकिलाला पहिल्याच दिवशी या मूल्यांकनाबद्दल विचारा, कारण ते तीन महिन्यांत उरकायचं असतं आणि पुढचं बरंच काही त्यावरच ठरतं.

दुसऱ्या देशांत काय करतात?

एकच पद्धत कुठेही नाही. जर्मनीत १४ च्या खाली फौजदारी जबाबदारीच नाही, १४ ते १७ ला मुलांचाच कायदा लागतो आणि जास्तीत जास्त दहा वर्षं, खुनालाही. शिवाय १८ ते २० च्या तरुणांनाही तो कायदा लावता येतो. इंग्लंडमध्ये जबाबदारीचं वय फक्त १० आहे. जपानने २००० साली कायदा बदलून फौजदारी शिक्षेचं वय १६ वरून १४ वर आणलं, गाजलेल्या गुन्ह्यांनंतर.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. तिथे २०१२ च्या मिलर विरुद्ध अलाबामा या निकालाने अल्पवयीनांना आपोआप मिळणारी विनापॅरोल जन्मठेप बंद झाली, न्यायाधीशाला वय, घरची परिस्थिती, दबाव हे सगळं बघावंच लागतं. पण अशी जन्मठेप पूर्ण बंद नाही, बघून मग देता येते.

कडक शिक्षा झाली तर बाकीच्यांना वचक बसेल. नाही का?

ऐकायला पटतं, पण अनुभव उलटा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००७ मध्ये एका तज्ज्ञगटाचा आढावा छापला, त्यात मोठ्यांच्या व्यवस्थेत पाठवलेली मुलं नंतर पुन्हा गुन्ह्यात पकडली जाण्याचं प्रमाण मुलांच्या व्यवस्थेत राहिलेल्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त निघालं. म्हणजे समाजाच्या सुरक्षेसाठी म्हणून जे करतोय त्याने समाज कमी सुरक्षित होतोय.

आणि जो मुलगा "आता माझं काही खरं नाही" या टोकाला पोचलाय, ज्याला स्वतःलाच जगायचं नाहीये, त्याला वीस वर्षांच्या शिक्षेची भीती कशी घालणार? वर आत्महत्येच्या विचारांचा आकडा दिलाय तो परत बघा.

अजून एक, ज्या मुलाला सहाजणांनी घेरून त्रास दिला म्हणून तो इथवर आला, त्याला तुम्ही मोठ्यांच्या तुरुंगात टाकलं तर तिथे काय होईल? तो सगळ्यात लहान, सगळ्यात अशक्त. तेच परत, फक्त दार बाहेरून बंद.

उद्या प्रत्येक आरोपी म्हणेल माझा छळ झाला होता. मग?

म्हणू दे, तपासा. छळाचे पुरावे असतात आणि खुनाच्या हेतूपेक्षा ते शोधायला सोपे असतात: चॅटचे स्क्रीनशॉट, गैरहजेरीचं रजिस्टर, आईने प्रिन्सिपलला लिहिलेलं पत्र, डॉक्टरची चिठ्ठी, पाचव्यांदा हरवलेला चष्मा, शेजारच्या बाकावरची मुलगी. खरा छळ महिनोन्महिने चाललेला असतो, त्याचा माग राहतोच. आणि नुसतं वकिलाने सुचवलेलं असेल तर तो माग सापडणार नाही. अडचण एवढीच की शाळेला हे कागद बाहेर यायला नको असतात, म्हणून ते पहिल्या आठवड्यातच ताब्यात घ्यायला हवेत.

"त्यांनी डिवचलं म्हणून केलं" हे कायद्यात बसत नाही का? स्वसंरक्षण?

स्वसंरक्षण तेव्हाच, जेव्हा हल्ला समोर होतोय किंवा होण्यातच आहे. काल मारलं म्हणून आज भोसकलं, हे त्यात बसत नाही.

गंभीर आणि आकस्मिक चिथावणी हा वेगळा बचाव, त्याने खून हा सदोष मनुष्यवधावर येऊ शकतो. पण त्यात 'आकस्मिक' हा शब्द आहे आणि छळ तर साचत जातो. नानावटी या नौदल अधिकाऱ्याच्या गाजलेल्या खून खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आधीच्या वागण्याने तयार झालेली मनाची पार्श्वभूमी विचारात घेता येते, पण राग शांत व्हायला वेळ मिळाला असेल तर बचाव टिकत नाही. इंग्लंडने २००९ च्या कायद्यात 'आकस्मिक' ही अट काढून टाकली, मात्र विचारपूर्वक घेतलेला सूड असेल तर तिथेही सूट नाही. मला ही रेघ बरोबर वाटते. साचलेल्या रागाला मान्यता द्या, सुडाला देऊ नका.

छळ करणाऱ्यांना काहीच नाही? आणि शाळा?

यावर लोक सगळ्यात जास्त चिडतात आणि बरोबरच आहे. छळ करणाऱ्या मुलांनाही जबाब द्यावा लागला पाहिजे, पण त्यांनाही मुलांच्याच व्यवस्थेत, कारण नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा चालणार नाही. त्यातली बरीच मुलं कुठेतरी स्वतः मार खाऊन आलेली असतात, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा बघितलंय.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. ज्या शाळेला लेखी तक्रार मिळाली आणि तिने काही केलं नाही, तिची चौकशी त्याच फाइलमध्ये व्हावी असं मला मनापासून वाटतं. घरच्यांची जबाबदारी पण. मिशिगनमध्ये ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये २०२१ साली १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं, तिथे २०२४ मध्ये त्याच्या आईला आणि वडिलांना सदोष मनुष्यवधाबद्दल दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, कारण मुलाची अवस्था दिसत असून बंदूक त्याच्या हाती लागू दिली. तो मुलगा मात्र मोठा समजून विनापॅरोल जन्मठेपेत आहे. मला प्रश्न पडतो, आईवडिलांना शिक्षा देताना आपण म्हणतो "तो मूल होता, तुम्ही लक्ष द्यायला हवं होतं" आणि त्याला शिक्षा देताना म्हणतो "तू मोठा होतास". दोन्ही एकदम कसं खरं असेल?

मग कुठल्याच केसमध्ये मोठ्यांसारखा खटला नको?

सतरा वर्षं अकरा महिने वय, आधी पण गंभीर हिंसा केलेली, अनेकांचा जीव गेलेला, सुधारणेचे प्रयत्न करून झालेले, अशी केस समोर आली तर तीन वर्षं पुरेशी आहेत असं मी म्हणू शकत नाही. पण त्यावर उपाय मुलांच्या व्यवस्थेतच जास्त वर्षं ठेवता येण्याची सोय करणं हा आहे, जर्मनीसारखा, आणि मधून मधून न्यायाधीशाने परत तपासणं. मोठं ठरवून टाकलं की परत तपासायची वेळ सहसा येत नाही. यावर माझ्याशी सहमत नसलेले चांगले लोक मला माहीत आहेत, त्यात एक अशी आई पण आहे जिचा मुलगा गेला, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही.

त्या मुलाचा फोटो ग्रुपवर आलाय. पुढे पाठवू का?

नाही. भारतात तर हा गुन्हा आहे, नाव, फोटो, शाळा, पत्ता काहीही. पीडित मुलाचा पण नाही.

माझा मुलगा म्हणतोय "एक दिवस दाखवतोच सगळ्यांना". काय करू?

आजच बोला, उद्या नको. पण "असं बोलायचं नाही" ने सुरुवात करू नका, तो परत बोलणार नाही आणि मग तुम्हाला कळणारच नाही. विचारा कोणाला दाखवणार, काय झालं, कधीपासून. थेट विचारा की स्वतःला काही करायचा विचार येतो का, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. घरात धारदार, विषारी, शस्त्र असं काही असेल तर ते त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. शाळेला लेखी कळवा, पोच घ्या, तारीख लिहा. आणि ठरावीक माणूस, ठिकाण, दिवस असं काही तो बोलत असेल तर थांबू नका, डॉक्टर किंवा पोलीस, ज्याला आधी गाठता येईल त्याला गाठा. मुलाचं नाव खराब होईल म्हणून थांबलेले पालक मी बघितले आहेत.

मी १५ वर्षांचा आहे. माझ्यासोबत हे रोज होतंय आणि मला कोणालातरी मारावंसं वाटतं.

तू हे लिहिलंस ते बरं केलंस. असं वाटणं म्हणजे तू वाईट आहेस असं नाही, रोज असं झालं तर बऱ्याच जणांना वाटेल. पण वाटणं आणि करणं यात जे अंतर आहे त्यातच तुझं सगळं पुढचं आयुष्य आहे, आणि एकदा केलंस की लोक त्यांनी काय केलं हे विसरतील आणि फक्त तू काय केलंस ते लक्षात ठेवतील.

खिशात, बॅगेत काही ठेवत असशील तर ते आज घरी ठेव. रोज काय झालं ते तारखेसह लिहून ठेव, मेसेज डिलीट करू नकोस. एका मोठ्या माणसाला सांग. तो म्हणाला लक्ष देऊ नकोस, तर तो चुकतोय, मी पण एकदा चुकले होते, तू दुसऱ्याकडे जा, तो पण नाही ऐकला तर तिसऱ्याकडे. तोंडाने सांगता येत नसेल तर कागदावर लिहून हातात दे. भारतात असशील तर १०९८ वर फोन कर, मुलांसाठीच आहे, पैसे लागत नाहीत, रात्री पण चालू असतो.